झाकणावरची चिठ्ठी

बाटलीवरून डॉक्टर कळतो. इंदूरच्या तुकोगंजातल्या या लॅबच्या आवक-टेबलावर मला एकवीस वर्षं झाली, एवढं तर कळणारच. कुणाकडून कातडीचा तुकडा येतो तो सडू न देणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये नीट बुडालेला, सोबतच्या फॉर्मवर डाग कधीपासून, कुठे, कसा, सगळं लिहिलेलं. कुणाकडून येतो तो इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत, चार थेंबांत, अंग चोरून बसलेला. आणि फॉर्मवर एकच शब्द: 'स्किन'. अहो, स्किन आहे ते आम्हालाही दिसतंय. कुणाची, कुठली, किती दिवसांची?

माझं काम साधं आहे. बाटली घ्यायची, नंबर द्यायचा, रजिस्टरात ओळ भरायची. नाव, वय, शरीरावरची जागा, आणलं कुणी, त्याची सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बाकीचे रकाने लॅबचे, हा माझा. 'तुकडा सुकलेला.' 'फॉर्म कोरा.' 'डॉक्टरसाहेबांना डावं-उजवं आठवेना.' डॉ. निवेदिता म्हणतात, "वसुंधराताई, तुमचा शेरा एखाद्या दिवशी आपल्याला कोर्टात नेणार." मी म्हणते, "मॅडम, नेलं तर सोडवूनही तोच आणणार."

डॉ. निवेदिता सांगलीच्या. इंदूरला येऊन नऊ वर्षं झाली, पण मी 'मला याद नाही' म्हटलं की अजून त्यांच्या कपाळाला आठी पडते. कातडीच्या तुकड्यांतून रोग ओळखणं हे त्यांचं काम. रोगी त्यांना कधी भेटत नाही. भेटतो तो केसाहून पातळ काप, काचेवर चिकटवलेला, गुलाबी-जांभळा रंगवलेला. क्लिनिकातला डॉक्टर वरून बघून म्हणतो गजकर्ण. या आतून बघून म्हणतात, नव्हे, हा कुष्ठाचा डाग आहे, मलमं बंद करा. म्हणून त्यांना फॉर्मवरची माहिती लागते. एकच चित्र तरुण पायावर एक रोग सांगतं आणि म्हाताऱ्या गालावर दुसरा. हे त्या प्रत्येक डॉक्टरला फोन करून सांगतात. डॉक्टर 'जी मॅडम, बिल्कुल मॅडम' म्हणतात आणि पुढच्या फॉर्मवर पुन्हा 'स्किन' लिहितात.

गेल्या महिन्यात त्या आईच्या मोतीबिंदूसाठी आठ दिवस सांगलीला गेल्या. त्या आठ दिवसांत रिपोर्टांवर सह्या केल्या आमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी, डॉ. सुजयनी. सुजय माणूस चांगला. अपेंडिक्स, पित्ताशय, थायरॉइड यांत त्याचा हात धरणारा नाही. कातडी मात्र त्याच्या दृष्टीने आतल्या मालावरचं पॅकिंग.

मॅडमची एक सवय आहे. आपण नसताना ज्या रिपोर्टावर कॅन्सर लिहून गेला, त्याची काच परत आल्यावर स्वतः बघायची. कामाचा ढीग उपसता उपसता बुधवार उजाडला. अकराला त्यांनी हाक मारली.

"ताई, इकडे या. बसा. बघा."

त्यांच्या मायक्रोस्कोपला दोन माणसं समोरासमोर बसून बघू शकतात. मी डोळा लावला.

"काय दिसतं?"

"मला काय दिसणार, मॅडम. गुलाबी दिसतं. मध्ये काळं-काळं."

"काळं ते वाईट आहे. मेलानोमा. सुजयनी बरोबर ओळखलं. ते सोडा. वरचा थर बघा. केवढा जाड आहे."

"गादीएवढा."

"आता केसाचं मूळ शोधा. एक तरी."

मी काच सरकत होती तसतशी बघत गेले. "नाही दिसत."

"तेलाची ग्रंथी?"

"ती कशी असते ते दाखवा, मग सांगते."

"नाहीच आहे, तर दाखवू काय? फॉर्मवर जागा काय लिहिलीय?"

मी फॉर्म बघितला. चारशे सतरा. अनुष्का, वय चोवीस, महू. 'डावा गाल, तीळ.'

राग आला की मॅडमचा आवाज खाली जातो. त्या वेळी तो एवढा खाली गेला की मला ओठ वाचावे लागले. "ताई, गालावर केसाचं मूळ नाही असं होत नाही. बायकांच्या गालावरसुद्धा लव असते, तिच्या खाली मुळं असतात, तेलाच्या ग्रंथी असतात. ही कातडी गालाची नाही. तळपायाची आहे. त्या दिवशी त्याच क्लिनिकमधून अजून काय आलं होतं?"

मी रजिस्टर उघडलं, पण ती ओळ मला न बघताच आठवत होती. चारशे अठरा. जनाबाई, वय बासष्ट. 'उजवी टाच, काळा डाग.' सुजयचा रिपोर्ट: साधा तीळ, काळजीचं कारण नाही.

मॅडमनी चारशे अठराची काच लावली. तिथे केसांची मुळं रांगेने उभी होती. शेजारी तेलाच्या ग्रंथी, द्राक्षाच्या घडासारख्या.

"टाचेवर लव आली म्हणायची," मी म्हटलं. मॅडम हसल्या नाहीत. मलाही हसू येत नव्हतं. जीभ आपली सवयीने चालली.

म्हणजे महूच्या त्या मुलीला कॅन्सर नव्हता आणि तिला आहे म्हणून कळवलेलं होतं. जनाबाईंना होता आणि त्यांना घरी पाठवलेलं होतं. सतरा दिवस झाले होते.

"तुमचा शेरा वाचा," मॅडम म्हणाल्या.

मी वाचला. 'दोन्ही चिठ्ठ्या झाकणांवर. दिवाकर म्हणे, फॉर्मॅलिन कमी होतं, जिन्यात भरून आणलं. घाई आहे, जनाबाईंचा लालबागेच्या मेळ्यात स्टॉल लागायचाय.' पुढे दिवाकरची सही.

आता या झाकणाचं सांगते. नावाची चिठ्ठी बाटलीच्या अंगावर लावायची असते, झाकणावर नाही. अंग बदलत नाही, झाकण बदलतं. आमच्या भिंतीवर हे मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही भाषांत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. झाकणावर चिठ्ठी असली तर बाटली परत. पण दिवाकर, म्हणजे डॉ. यशोधन यांच्या क्लिनिकचा तीस वर्षांचा जुना कंपाउंडर, बाटल्या आणतो भोकांच्या ट्रेमध्ये. बाटली त्यात गळ्यापर्यंत बुडते, वरून नुसती झाकणं दिसतात. म्हणून तो चिठ्ठ्या झाकणांवर लावतो. नमकीनच्या दुकानात बरण्यांना लावतात तशा. "ऊपर से पढ़ने में आता है ताई, क्या बुराई है?" मी त्याला चारदा परत पाठवलं होतं. पाचव्यांदा पाठवलं नाही.

मॅडमनी क्लिनिकला फोन लावला. फॉर्मवर रोग्याचा नंबर असायला हवा. या क्लिनिकच्या प्रत्येक फॉर्मवर क्लिनिकचाच असतो. अर्ध्या इंदूरचे रोगी एकाच घरात राहतात जणू. रिपोर्ट परस्पर रोग्याच्या हाती पडू नये, एवढीच दक्षता.

"सर बिज़ी हैं मैडम," पलीकडची मुलगी म्हणाली. "बारह बजे ऑपरेशन है."

"कुणाचं?"

"वो महू वाली मैडम का. गाल वाला."

मॅडमनी अॅप्रन काढलासुद्धा नाही. मी रजिस्टर काखेत मारलं. क्लिनिक दोन गल्ल्या पलीकडे. 

दारात दिवाकर उभा, हातात ट्रे. झाकणांवर चिठ्ठ्या. त्याने आधी मॅडमना बघितलं, मग माझ्या काखेतलं रजिस्टर, आणि चेहरा आवरून म्हणाला, "अरे ताई, आप इधर?"

डॉ. यशोधन यांची केबिन थंडगार. भिंतीवर 'आधी' आणि 'नंतर'चे चेहरे, नंतरचे सगळे एकाच दिव्याखाली काढलेले. स्वतः डॉक्टर गुळगुळीत, त्यांच्या वयाला शोभणार नाहीत इतके.

"या मॅडम, या. आज इकडे कशा? दिवाकर, चाय बोल."

"चहा नको. अनुष्काचं ऑपरेशन थांबवा. तिची आणि जनाबाईंची बाटली बदललीय. मुलीच्या गालावर साधा तीळ होता. कॅन्सर जनाबाईंच्या टाचेत आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी विचारलं, "कुठे बदलली?"

माणूस पहिला प्रश्न काय विचारतो ते मी मनात टिपून ठेवते. खात्री आहे का, हे विचारलं नाही. जनाबाई कुठे आहेत, हे विचारलं नाही. कुठे बदलली.

"तुमच्याकडे," मॅडम म्हणाल्या.

"रिपोर्ट तर तुमच्या लॅबचा आहे. सही तुमच्या डॉक्टरची. मी रिपोर्टवर चाललो, मॅडम. माझं काय चुकलं, सांगा."

"सही आमची आहे. सुजयनी कॅन्सर बघितला, कातडी कुठली ते बघितलं नाही. ही आमची चूक. मी लिहून देते."

डॉक्टरांचा चेहरा नंतरच्या फोटोसारखा उजळला. "बस! एवढंच लिहा. 'लॅबमध्ये नमुन्यांची अदलाबदल झाली.' लेटरहेडवर. मी पाच मिनिटांत केस कॅन्सल करतो. बात खतम."

"लॅबमध्ये झाली नाही."

"हे कशावरून?"

मी रजिस्टर त्यांच्या काचेच्या टेबलावर ठेवलं, जरा जोरात. "यावरून. बाटली आली की झाकण उघडायच्या आधी मी तिच्या अंगावर मार्करने नंबर घालते. चारशे सतरा, चारशे अठरा. आमच्याकडे बाटल्या अजून ठेवलेल्या आहेत, या बघायला. त्यापुढे झाकण कुठलंही लावा, फरक पडत नाही. बदलायचं ते माझ्या टेबलावर यायच्या आधी बदललं. आणि हा शेरा, आणि ही सही."

त्यांनी शेरा वाचला. "दिवाकर!"

दिवाकर आत आला, ट्रेसकट.

"हे जिन्यात काय भरलंस तू?"

"सर, आप ही ने तो बोला था. लॅब वाली ताई हर बार लिखती हैं फॉर्मॅलिन कम है, फॉर्मॅलिन कम है. मैंने जग से भर दिया. दोनों खोली, भरी, बंद की."

"कौन सा ढक्कन किस पे लगाया?"

दिवाकरने प्रामाणिकपणे विचार केला. "ढक्कन तो ढक्कन है, सर."

माझा हात रजिस्टरावर होता. 'फॉर्मॅलिन कमी' हे मागच्या पानांवर माझ्याच अक्षरात सहा वेळा होतं.

"डॉक्टर," मॅडम म्हणाल्या, आवाज आता जवळजवळ नव्हताच, "तो तुकडा काढताना तुम्हाला काय वाटलं होतं?"

"तीळच वाटला होता. खरं सांगतो. पण रिपोर्ट आला—"

"तुमच्या डोळ्यांना तीळ दिसला. कागदावर कॅन्सर आला. आणि टाचेवरचा डाग तुम्हाला वाईट वाटलाच असणार, तिथे आलं साधा तीळ. दोन्ही एकाच दिवशी. तुम्ही फोन नाही केलात."

"मॅडम, दिवसाला साठ पेशंट—"

"एक फोन. 'हे जुळत नाही, परत बघा.' एवढ्यासाठी मी आहे. मी पोस्टमन नाही. तुम्ही बघितलेलं आणि मी बघितलेलं जुळतं का, हे बघणं म्हणजे निदान. नाही तर मशीन लावा."

"बरोबर, बरोबर. पण आधी ते लेटर. मग मी—"

भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस मिनिटं होती. मॅडम उठल्या आणि समोरचा दरवाजा ढकलून आत गेल्या. डॉक्टर "मॅडम, वो स्टराइल एरिया है" म्हणत मागे. त्यांच्या मागे मी, माझ्या मागे दिवाकर, ट्रे घेऊन. वरात निघाली म्हणा.

खाटेच्या कडेला हिरव्या गाउनमध्ये मुलगी बसली होती. डाव्या गालावर जांभळ्या पेनाने काढलेला गोल, नाकापासून कानाजवळपर्यंत. तेवढं सगळं कापून मांडीची कातडी लावायची होती. शेजारी तिची आई, हातात मुलीचे कानातले.

मॅडम तिच्यासमोर थांबल्या. रोग्याशी समोरासमोर बोलायची त्यांना सवय नाही, ते दिसलं.

"अनुष्का, मी तुला कधी बघितलेलं नाही. तुझ्या तिळाचा तुकडा बघितलाय. तुला कॅन्सर नाही. बाटल्या बदलल्या होत्या. तुझ्या रिपोर्टावर आमच्या लॅबची सही आहे, आणि तो रिपोर्ट चुकीचा आहे."

आई खाली बसली ती जमिनीवरच. मुलगी मॅडमकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग कुणाला आहे?"

"ते मला सांगता येणार नाही. पण त्यांना शोधायला आम्ही आत्ता निघतोय."

मुलीने तळव्याने गाल पुसला. शाई हलली नाही. महूच्या शाळेत ती चौथीला शिकवते, असं मला नंतर कळलं. चाळीस पोरं गप्प बसवायचा आवाज असतो, तोच तिने काढला, मोठा नाही.

"डॉक्टरसाहब. ये निशान उतारिए."

"हाँ हाँ बेटा, सिस्टर को—"

"आप उतारिए. आपने बनाया है."

 मग डॉ. यशोधननी स्पिरिटचा बोळा घेतला आणि तिच्यासमोर वाकून गाल पुसायला लागले. ती शाई सहज जात नाही. ते पुसत राहिले, ती डोळे न मिटता त्यांच्याकडे बघत राहिली. आम्ही निघालो तेव्हा अर्धा गोल शिल्लक होता.

दारात मी दिवाकरला विचारलं, "जनाबाईंचा फोन?"

"फोन नहीं है उनके पास. खुद आके रिपोर्ट ले गईं." त्याने ट्रे खाली ठेवला. "पेढे बाँट के गईं, ताई. मुझे भी दिया."

रिक्षाने लालबाग. मेळ्यात दुपारची पहिली गर्दी सुरू झाली होती. थालीपीठाचे स्टॉल तीन, त्यातल्या तिसऱ्यावर जनाबाई. उंच, वाळकी बाई, पदर खोचलेला, पायाखाली घडी केलेलं पोतं. तीस वर्षं मराठी घरांतून पोळ्या लाटल्या आणि आता वर्षातून एकदा हा स्टॉल, असं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. बोलणं सुरू मीच केलं, कारण मॅडम तव्याकडे बघत उभ्या होत्या.

"जनाबाई, आम्ही लॅबमधून आलो. तुमच्या टाचेच्या रिपोर्टाचं."

"तो तर छान आला. देऊ का तुम्हाला एक-एक? दही आहे."

"तो रिपोर्ट तुमचा नव्हता."

त्यांनी थालीपीठ उलटलं. "मग माझा कुठे होता?"

"दुसऱ्या एका मुलीच्या नावावर."

आता मॅडम बोलल्या. साधं, सरळ, काही न लपवता. जनाबाई तव्यावरचं उतरवून होईपर्यंत ऐकत होत्या.

"सतरा दिवसांत वाढतं का हे?"

"वाढतं," मॅडम म्हणाल्या. "किती, ते डाग पूर्ण काढल्यावर कळेल. तुकड्यात तरी फार खोल गेलेलं नव्हतं. कॅन्सरच्या सर्जनना मी रिक्षातून फोन केलाय, ते वाट बघताहेत. आजच चला."

"डॉक्टर म्हणाला होता, विसरून जा त्याला. मी त्याच्यावर उभी राहून मेळा करतेय." त्यांचा आवाज चढला. शेजारच्या स्टॉलवाल्याने मान वर केली. "असं झालं कसं पण? नावं असतात ना बाटल्यांवर?"

मग मी सांगितलं. झाकणं, जग, जिना. रजिस्टर उघडून शेरा वाचून दाखवला. वाचायला लागले तेव्हा आवाज ताठ होता, सकाळपासून या एका ओळीनेच तर आम्हाला तारलं होतं. मधेच तो कसा बसला मला कळलं नाही. जनाबाई माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे तुला दिसलं होतं."

"हो."

"लिहिलंस."

"हो."

"आणि तरी घेतलंस."

मी रजिस्टर मिटलं.

"का घेतलंस?"

"दीड वाजला होता. डबा उघडला होता मी."

"काय होतं डब्यात?"

"भेंडी," मी म्हटलं. खोटं बोलायचं सुचलं नाही.

"भेंडी," जनाबाई म्हणाल्या. "आणि मग हे लिहून ठेवलंस ते कुणाला दाखवायला?"

मॅडम मध्ये काही बोलायला गेल्या, पण जनाबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. पोत्यावरून उतरल्या, चप्पल घातली, उजव्या पायाची टाच बाहेर ठेवून. मग उलथणं माझ्या हातात दिलं.

"मी जाते हिच्याबरोबर. पीठ पाच किलो मळलेलं आहे. उभी राहा इथे, संपेपर्यंत. जाळू नकोस."

त्या दोघी गर्दीतून निघाल्या. जनाबाई टाच टेकू न देता चालत होत्या. सतरा दिवस टेकवली होती. फाटकापर्यंत मी बघत राहिले, त्यांनी मागे बघितलं नाही.

रजिस्टर ठेवायला जागा नव्हती, दह्याच्या पातेल्याशेजारी ठेवलं. पहिलं थालीपीठ थापलं. माझा हात पोळ्यांचा, थालीपीठाचा नाही. समोर एक बाई दोन पोरींना घेऊन उभी.

"आंटी, ये तो एक तरफ़ से जल गया है."

"हो," मी म्हटलं. "जळलंय."

"चलेगा, दे दो. बच्चों को भूख लगी है."

"नाही चालणार," मी म्हटलं. प्लेट तिच्या हातातून परत घेतली, थालीपीठ बादलीत टाकलं आणि दुसरं थापायला लागले.